मोटारीच्या इंधनपंपातील विद्युत दोषाचे निदान : भाराविना घेतलेल्या मोजमापाच्या मर्यादा

सारांश

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीचे इंजिन सेल्फने फिरते, परंतु चालू होत नाही, अशा प्रसंगी इंधनपंप निकामी झाला असल्याचा निष्कर्ष पुष्कळदा घाईने काढला जातो. पंपाच्या कपलरवर बॅटरीइतके विभवांतर मिळाले म्हणजे विद्युत पुरवठा निर्दोष आहे, हे या निष्कर्षामागील गृहीतक होय. परिपथातून धारा वाहत नसताना घेतलेले हे मोजमाप सदोष पुरवठ्यालाही निर्दोष ठरवते. प्रस्तुत लेखात या फसगतीचे भौतिक कारण स्पष्ट केले असून निदानाचा शास्त्रशुद्ध क्रम मांडला आहे. ओहमचा नियम शिकवताना या उदाहरणाचा उपयोग कसा करता येईल, याचाही अखेरीस विचार केला आहे.

बीजसंज्ञा : इंधनपंप, विभवांतर, विभवपात, संपर्करोध, भू-जोड, रिले, निदान

१. प्रस्तावना

कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या मोटारींमध्ये इंधनपंप यांत्रिक असे. इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारी तरफ एक पडदा खालीवर करी आणि त्या हालचालीने टाकीतील पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत ओढले जाई. इंजिन फिरले की पंप चालत असे. त्याला तारेची, फ्यूजची वा रिलेची गरज नव्हती. उत्सर्जनाची मानके कडक होत गेली तशी ही व्यवस्था मागे पडली. २००० सालापासून दिल्ली राजधानी क्षेत्रात युरो-२ च्या धर्तीवरील मानके लागू झाली आणि त्यानंतरच्या वर्षांत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने इंधन फवारणारी इंजिने आपल्याकडे सर्वसामान्य झाली. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ मानके लागू झाली असून आजच्या पेट्रोल मोटारीत विजेवर चालणारा पंप हा अपरिहार्य घटक आहे.

या परिवर्तनामुळे दोषनिदानाचे स्वरूपही बदलले. यांत्रिक पंप बिघडला तर तो उघडून पडदा फाटला आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहता येई. विजेच्या पंपाबाबत डोळ्यांना दिसणारा पुरावा फारसा नसतो. मीटरच्या आकड्यावरून अनुमान करावे लागते आणि अनुमान चुकले तर हजारो रुपयांचा निर्दोष पंप बदलला जातो, मूळ दोष मात्र गाडीतच राहतो. असा दोष पुढे घाटात किंवा महामार्गावर गाडी बंद पाडतो, तेव्हा तो केवळ खर्चाचा प्रश्न उरत नाही.

प्रस्तुत विवेचन रिलेमार्फत थेट पुरवठा मिळणाऱ्या, टाकीत बसवलेल्या पंपापुरते मर्यादित आहे. काही नव्या मोटारींत पंपाचा वेग स्वतंत्र नियंत्रकाद्वारे, स्पंदित पुरवठ्याने कमीजास्त केला जातो. तेथे साधा मीटर सरासरी मूल्य दाखवतो आणि पुढे वर्णिलेली बल्बची चाचणी नियंत्रकाला अपायकारक ठरू शकते. अशा गाडीसाठी उत्पादकाच्या दुरुस्ती-पुस्तिकेचाच आधार घ्यावा.

२. इंधनपंप आणि त्याचा विद्युत परिपथ

टाकीतील पंप म्हणजे मूलतः एक लहान दिष्टधारा मोटर होय. पारंपरिक रचनेत कायम चुंबक, फिरते आर्मेचर, कॉम्युटेटर आणि त्यावर घासणारे दोन कार्बन ब्रश असतात. पेट्रोल या मोटरीच्या आतूनच वाहते व तिला थंड ठेवते. टाकी सतत जवळजवळ रिकामी ठेवून गाडी चालवू नये, या सल्ल्यामागे हेही एक कारण आहे. इनटेक मार्गात इंधन फवारणाऱ्या सामान्य इंजिनासाठी हा पंप साधारणतः ३ ते ४ बार दाब निर्माण करतो आणि त्यासाठी बहुधा ४ ते ८ अँपिअर धारा घेतो.

या धारेचा मार्ग पुढीलप्रमाणे असतो : बॅटरीचे धन टोक, फ्यूज, रिलेचे संपर्क, गाडीच्या तळाखालून मागे जाणारी तार, टाकीवरील कपलर, पंप, पुन्हा कपलर, ऋण बाजूची तार, गाडीच्या पत्र्यावर बोल्टने आवळलेली भू-जोड आणि अखेरीस बॅटरीचे ऋण टोक. काही गाड्यांत अपघाताच्या धक्क्याने पुरवठा तोडणारा स्विचही या मार्गात असतो.

या मुख्य मार्गाखेरीज दुसरा एक परिपथ लक्षात घ्यावा लागतो. रिलेच्या वेटोळ्याला चालना देणारा हा आज्ञेचा परिपथ होय. चावी फिरवली की इंजिनाचा नियंत्रक संगणक बहुतेक गाड्यांत सुमारे दोन सेकंद रिले ओढून धरतो व नलिकेत दाब तयार करतो. त्यानंतर क्रँकशाफ्ट फिरत असल्याचा संकेत मिळाला तरच तो पंप चालू ठेवतो. अपघातात इंजिन थांबल्यावर पेट्रोल वाहत राहू नये, हा त्यामागील हेतू आहे. अर्थात, पंप चालत नाही याचा दोष पुरवठ्यात असेल, आज्ञेत असेल किंवा प्रत्यक्ष पंपात असेल. निदान म्हणजे या तिन्हींपैकी दोन शक्यता पुराव्यानिशी वगळणे होय.

३. एक अनुभव

प्रस्तुत लेखक पदवीच्या प्रथम वर्षाला विद्युतशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी कोकणातून कोल्हापूरकडे परतताना आंबा घाटाच्या चढावर त्याची मोटार दोन वेळा बंद पडली. अर्धा तास थांबल्यावर ती पुन्हा चालू झाली. घरी पोहोचल्यानंतर मात्र ती चालू होईना. कार्यशाळेतील कारागिराने मागील आसन उचलून पंपाचा कपलर काढला व लेखकाच्याच डिजिटल मल्टिमीटरने दोन्ही टोकांमध्ये मोजमाप केले. मीटरने १२.४ व्होल्ट दाखवले. पुरवठा येत असूनही पंप काम करत नाही, म्हणजे पंपच निकामी, असे कारागिराने सांगितले आणि लेखकाने ते निःशंकपणे मान्य केले. नवा पंप बसवला, गाडी चालू झाली. सुमारे महिन्याभराने ती पुन्हा त्याच रीतीने बंद पडली. पंपच सदोष निघाला असावा, असे समजून दुसरा पंप बसवण्यात आला. तोही अल्पावधीत थांबला.

यानंतर गाड्यांचे वायरिंग करणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींना पाचारण केले. त्यांनी मीटरला हात न लावता रिले काढून तिच्या जागी फ्यूज असलेली तार जोडली. कपलरपासून दोन लांब तारा गाडीबाहेर आणल्या आणि त्यांना हेडलाइटचा ५५ वॅटचा जुना बल्ब जोडला. बल्ब पिवळट मिणमिणला. “सर, जिथं बल्ब धड पेटत नाही, तिथं पंप कसा फिरणार?” एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी बल्बची ऋण बाजू कपलरवरून काढून थेट बॅटरीच्या ऋण टोकाला नेली. बल्ब लखलखीत पेटला. दोष पंपात नव्हता, भू-जोडीत होता. आसनाखालील पत्र्यावर आवळलेल्या बोल्टखाली गंज चढला होता.

बोल्ट काढण्यापूर्वी लेखकाने पंप जोडून, तो चालू असताना मोजमापे घेतली. बॅटरीच्या टोकांमध्ये १२.३ व्होल्ट, धन बाजूच्या संपूर्ण मार्गावर ०.३ व्होल्ट, पंपाच्या दोन टोकांमध्ये ७.८ व्होल्ट आणि ऋण बाजूच्या मार्गावर ४.२ व्होल्ट. परिपथातील धारा ३.५ अँपिअर होती. ०.३, ७.८ आणि ४.२ यांची बेरीज १२.३ येते. किर्चहॉफने १८४५ साली मांडलेला नियम, जो लेखक दरवर्षी फळ्यावर सिद्ध करतो, तो त्याच्याच गाडीच्या आसनाखाली दोन पंपांची किंमत मोजल्यावर त्याला भेटला.

४. मीटर का फसवतो ?

गेओर्ग झिमोन ओम याने १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात धारा, विभवांतर व रोध यांचा संबंध मांडला. एखाद्या रोधावर पडणारे विभवांतर हे त्यातून वाहणारी धारा गुणिले रोध इतके असते. या विधानात धारा हा घटक आहे, आणि नेमका तोच कपलर काढल्यावर नाहीसा होतो.

वरील भू-जोडीचा रोध ४.२ भागिले ३.५, म्हणजे १.२ ओहम होता. डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा अंतर्गत रोध सामान्यतः १ कोटी ओहम असतो. कपलर काढून मीटर जोडला असता परिपथातून वाहणारी धारा सुमारे सव्वा मायक्रोअँपिअर असते. एवढ्या क्षीण धारेने १.२ ओहम रोधावर पडणारा विभवपात केवळ दीड मायक्रोव्होल्ट होतो. मीटरच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नाही. किंबहुना संपर्काचा रोध १००० ओहम असता, तरीही विभवपात एक व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढाच झाला असता आणि मीटरने निर्धास्तपणे १२.४ हाच आकडा दाखवला असता. ज्या संपर्कातून पंप तर सोडाच, साधा दिवाही पेटला नसता, तो या चाचणीत उत्तीर्ण होतो.

येथे मीटर चुकीचे सांगत नाही. धारा वाहत नसताना टोकांमध्ये किती विभवांतर आहे, या प्रश्नाचे उत्तर त्याने अचूक दिलेले असते. प्रश्न मात्र वेगळा होता : पंपाला लागणारी धारा वाहत असताना किती विभवांतर शिल्लक राहते ? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याचे समजणे हीच निदानातील मूळ चूक आहे.

तारेचा रोध मोजूनही ही उणीव भरून निघत नाही. अनेक बारीक तारांनी बनलेल्या वायरीतील एकच धागा शाबूत असला, तरी ओहममीटर जवळजवळ शून्य दाखवतो. शिवाय मीटरच्या स्वतःच्या जोडतारांचाच रोध ओहमच्या काही दशांशांइतका असतो. ६ अँपिअर धारेला अर्धा ओहम रोध म्हणजे ३ व्होल्टचा घाटा होय. साध्या ओहममीटरवर मात्र अर्धा ओहम सहज दुर्लक्षिला जातो.

५. दोष येतो-जातो का ?

घाटात बंद पडलेली गाडी अर्ध्या तासाने चालू झाली, याचे स्पष्टीकरणही याच रोधात आहे. ३.५ अँपिअर धारा १.२ ओहम रोधातून वाहताना सुमारे १५ वॅट उष्णता निर्माण होते, आणि तीही बोल्टखालच्या नखाएवढ्या जागेत. तापल्यावर संपर्क आणखी बिघडतो, थंड झाल्यावर तो काहीसा सावरतो. दोष भू-जोडीऐवजी कपलरमध्ये असता, तर हीच उष्णता प्लॅस्टिक वितळवण्यास पुरेशी ठरली असती. पंप बदलताना कपलर काळा पडला आहे किंवा त्याचे टर्मिनल सैल झाले आहे, याकडे दुर्लक्ष केल्यास नवा पंपही जुन्याच मार्गाने जातो.

नवा पंप बसवल्यावर गाडी महिनाभर चालली, याने लेखकाचा भ्रम दृढ झाला. वस्तुतः काम करताना वायरी हलल्या, गंजलेला संपर्क थोडासा घासला गेला आणि रोध तात्पुरता घटला. इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळे पुरवठा सुमारे १४ व्होल्टपर्यंत वाढतो. त्यामुळेही काही काळ घाटा झाकला जातो. उपचारानंतर लक्षण नाहीसे झाले म्हणून उपचार योग्य होता, असे म्हणता येत नाही, हा तर्कशास्त्रातील जुना धडा येथे पुन्हा लागू पडतो.

६. निदानाचा क्रम

वरील विवेचनाच्या आधारे निदानाचा क्रम पुढीलप्रमाणे मांडता येईल.

(अ) लक्षणाची निश्चिती : टाकीत पेट्रोल असल्याची व इमोबिलायझरचा दिवा दोष दर्शवत नसल्याची प्रथम खात्री करावी. शांत जागी चावी फिरवून मागील आसनाजवळ दोन सेकंदांची गुणगुण ऐकू येते का, हे पाहावे. आवाज आला म्हणजे दाब पुरेसा आहे असे नव्हे, आणि आवाज आला नाही म्हणजे पंप निकामी आहे असेही नव्हे. दाबमापक उपलब्ध असल्यास दाब प्रत्यक्ष मोजावा.

(आ) फ्यूज : तो उडालेला असल्यास नवा फ्यूज त्याच क्षमतेचा बसवावा. तोही उडाल्यास कोठेतरी तार पत्र्याला टेकली आहे किंवा पंप अडकून जादा धारा घेत आहे, असे समजावे. मोठ्या क्षमतेचा फ्यूज बसवणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

(इ) रिले आणि आज्ञा : अनेक रिलेंवर ३० व ८७ हे मुख्य संपर्कांचे, तर ८५ व ८६ हे वेटोळ्याचे क्रमांक छापलेले असतात. गाडीचा विद्युत आराखडा पाहून, रिले काढून तिच्या खाचेतील ३० व ८७ ही स्थाने फ्यूजयुक्त तारेने जोडावीत. पंप जोमाने चालू लागल्यास पंप व त्याचा मार्ग बहुतांशी निर्दोष असून दोष रिलेत किंवा आज्ञेत आहे, असे ठरते. तशाच प्रकारची दुसरी रिले बसवूनही फरक पडला नाही, तर आज्ञेचा माग घ्यावा. क्रँकशाफ्टच्या संवेदकाकडून संकेत येत नसल्यास संगणक पंप चालूच ठेवत नाही. अशा वेळी पंप बदलणे पूर्णतः निरर्थक होय.

(ई) भाराखालील विभवपात : ही निर्णायक पायरी होय. कपलर जोडलेला ठेवून, पंप चालू स्थितीत, कपलरच्या मागील बाजूने बारीक पिन सरकवून मोजमापे घ्यावीत. मीटरची एक सळई बॅटरीच्या धन टोकावर व दुसरी पंपाच्या धन टर्मिनलवर ठेवल्यास धन मार्गावरील विभवपात थेट मिळतो. तो अर्ध्या व्होल्टच्या आत असावा, असा कार्यशाळांतील सर्वसाधारण संकेत आहे. बॅटरीचे ऋण टोक व पंपाचे ऋण टर्मिनल यांमधील विभवपात ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा अधिक नसावा. अधिक आढळल्यास सळई एकेक जोड मागे नेत जावी. ज्या जोडाच्या अलीकडे व पलीकडे आकडा एकदम बदलतो, तोच दोषाचा बिंदू.

(उ) धारेचे मोजमाप : फ्यूजच्या जागी योग्य क्षमतेचा अँमीटर जोडावा किंवा तारेभोवती दिष्टधारेचा क्लॅम्प मीटर लावावा. पुरवठा पूर्ण असूनही धारा शून्य असल्यास पंपातील परिपथ तुटलेला आहे. टाकीला हलके ठोकल्यावर पंप क्षणभर चालू होत असेल, तर कार्बन ब्रश झिजल्याचा संशय बळावतो. धारा नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक असल्यास पंप अडकत आहे किंवा गाळणी तुंबली आहे. धारा कमी असून विभवांतरही कमी असल्यास दोष मार्गात आहे. फिरत्या मोटरीत विरुद्ध विद्युतचालक बल निर्माण होत असल्याने तिची धारा केवळ तिच्या रोधावरून काढता येत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

थोडक्यात, पंप चालू करण्याचा प्रयत्न होत असताना त्याच्या टर्मिनलांमध्ये जवळजवळ पूर्ण विभवांतर आहे आणि तरीही तो फिरत नाही, एवढे सिद्ध झाल्यावरच पंप बदलण्याचा अधिकार प्राप्त होतो.

७. दक्षता

पेट्रोलची वाफ व ठिणगी यांचे सान्निध्य प्राणघातक ठरू शकते. टाकीचे झाकण किंवा पंपाचे बूड उघडे असताना कोणतीही विद्युत चाचणी करू नये. बल्ब जोडायचा झाल्यास तारा लांब घेऊन तो गाडीबाहेर, टाकीपासून दूर ठेवावा. हॅलोजन बल्बची काच अतिशय तापते. पंप टाकीबाहेर काढून कोरडा चालवू नये. इंधननलिका सोडण्यापूर्वी दाब उतरवावा. एअरबॅगच्या व संगणकाच्या तारांवर बल्बची चाचणी मुळीच करू नये. या बाबींचा सराव नसणाऱ्याने प्रत्यक्ष काम जाणकारावर सोपवावे. मात्र पंप बदलण्यापूर्वी भाराखाली विभवपात मोजला का, हे त्याला अवश्य विचारावे.

८. अध्यापनाच्या दृष्टीने

ओहमचा नियम आपल्या प्रयोगशाळांत पडताळला जातो, परंतु निदानाचे साधन म्हणून क्वचितच वापरला जातो. पुढील प्रयोग उपलब्ध साहित्यात सहज करता येईल. एका बंद पेटीत १ ओहमचा, २५ वॅट क्षमतेचा रोध बसवावा. १२ व्होल्टची बॅटरी, ही पेटी आणि ५५ वॅटचा बल्ब एकसरीत जोडावेत. प्रथम बल्ब काढून मोकळ्या टोकांमध्ये विभवांतर मोजण्यास सांगावे व बल्ब कसा पेटेल, याचे भाकीत विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावे. नंतर बल्ब जोडावा. भाकीत व प्रत्यक्ष यांतील तफावत पाहिल्यावर पेटी न उघडता आतील रोधाचे मूल्य काढण्यास सांगावे. आकडेमोड तीच राहते, परंतु मोजमाप कोणत्या अवस्थेत घेतले, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात रुजतो.

हा प्रश्न केवळ भौतिकशास्त्रापुरता मर्यादित नाही. विश्रांत अवस्थेतील हृदयालेख सामान्य आला तरी वैद्य रुग्णाला चालत्या पट्ट्यावर चालवून पुन्हा आलेख घेतात. पूल वाहतुकीस खुला करण्यापूर्वी त्यावर भार ठेवून वाक मोजला जातो. व्यवस्थेची पात्रता तिच्या कामाच्या अवस्थेतच तपासावी लागते, हे तत्त्व या सर्व ठिकाणी समान आहे.

९. समारोप

इंधनपंपाच्या विद्युत दोषाचे निदान करताना पुरवठा, आज्ञा आणि पंप या तीन शक्यता स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक आहे. भाराविना घेतलेले विभवांतर पुरवठ्याच्या निर्दोषतेचा पुरावा ठरत नाही. धारा वाहत असताना धन व ऋण अशा दोन्ही मार्गांवरील विभवपात मोजणे हाच विश्वसनीय उपाय होय. त्यातही ऋण मार्गाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते.

लेखकाच्या गाडीतील बोल्ट काढून, पत्रा घासून, नवी रिंग टाकून आवळल्यावर ऋण मार्गावरील विभवपात ०.१ व्होल्टवर आला. या दुरुस्तीला पाऊण तास लागला. आधी काढून ठेवलेले दोन्ही पंप बॅटरीला जोडून, पेट्रोलमध्ये बुडालेल्या अवस्थेत त्याच मिस्त्रींनी तपासले. दोन्ही पंप सुस्थितीत होते.